पारवा रंग

पावसाळ्यात संध्याकाळी म्हशाहून गोरखगडाच्या अंगाला इंद्रधनुष्य उमटतं. ऊन पाठीशी, पाऊस समोर. अशाच एका संध्याकाळनंतर आठवीतल्या मुलीने ते वहीत काढलं आणि मी तिचे दोन गुण कापले. तिने पाचच रंग काढले होते. “बाई, मला पाचच दिसले,” ती म्हणाली. मी तिला उभं करून ‘तानापिहिनिपाजा’ दहा वेळा म्हणायला लावलं. उन्हात सात रंग असतात, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नव्हती.

माझं मत बदललं ते काही वर्षांनी, लोलकामुळे. मुलांनी घरून घोंगड्या आणल्या, म्हशाच्या जत्रेतली घोंगडी इथे घरोघरी असतेच. त्यांनी वर्गाच्या खिडक्या झाकल्या, एका फटीतून ऊन आत घेतलं आणि लोलकातून समोरच्या कागदावर पाडलं. काच रंग देत नाही, उन्हात आहेत तेच सुटे करते. काचेत जांभळा तांबड्यापेक्षा हळू जातो म्हणून जास्त वळतो, बाकीचे त्यांच्या अधेमधे. एवढं नेहमीप्रमाणे सांगून झालं. मग सहज म्हटलं, एकेकाने पुढे या आणि रंग जिथे बदलतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा.

कोणाचीच रेघ दुसऱ्याच्या रेघेवर पडेना. मीही पेन्सिल घेतली. निळा कुठे संपतो आणि पारवा कुठे लागतो, ते मला सापडलं नाही. एक रंग दुसऱ्यात विरत जात होता, रेघ मारावी अशी जागाच नव्हती. इतकी वर्षं शिकवलेला पारवा मी कधी पाहिलाच नव्हता.

मग न्यूटनविषयी नीट वाचलं. त्याने पहिला लोलक जत्रेत विकत घेतला, असं त्याच्या भाचीच्या नवऱ्याने लिहून ठेवलंय. आपल्या पौष पौर्णिमेच्या जत्रेतून घोंगडी आणावी तसा! आधी न्यूटननेही पाचच मुख्य रंग मोजले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, सप्तकातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून. आणि रंगांच्या सीमा आखायला त्याने दुसऱ्या माणसाला बसवलं, कारण रंग पारखण्यात त्याची नजर आपल्याहून तीक्ष्ण आहे, असं १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये तो मोकळेपणाने सांगतो.

त्या मुलीने कोणते पाच रंग काढले होते, हे मला आठवत नाही. मी ते पाहिले नव्हते, फक्त मोजले होते. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही, त्यामुळे चूक झाली हे तिला सांगायचं राहून गेलं.

आता परीक्षेसाठी सात लिहा असं मी सांगते, ही मोजणी न्यूटनची आहे हेही सांगते. पण आधी घोंगड्या लावून प्रत्येकाला रेघा मारू देते. मागच्या वर्षी एकाने नऊ रंग वेगळे केले, आणि कुठला कुठे बदलतो ते मला बोट ठेवून दाखवलं.