दोन किलोची लेन्स आणि आपली गावं

तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला आलेली बरीचशी माणसं मोबाईलने फोटो काढत असतात. मासुंदा तलावाचं पाणी, होड्या, भेळेची गाडी, कडेवरचं मूल, सगळं मोबाईलमध्ये जातं आणि कोणी कोणाकडे वळूनही पाहत नाही. त्याच गर्दीत आमच्या भाच्याने बॅगेतून मोठी लेन्स काढून कॅमेऱ्याला लावली की माणसं थांबतात. लहान मुलं आईचा हात ओढतात. एखादे आजोबा जवळ येऊन विचारतात, "केवढ्याला पडली ही तोफ?"

हा प्रश्न आम्ही ठाण्यापासून कल्याणपर्यंत ऐकला. गेल्या दिवाळीपासून रमजानपर्यंत, शाळेला सुट्टी आणि भाच्याच्या हातात लग्नाचं काम नसलं की आम्ही दोघे निघायचो. तो कौशात राहतो. पोटापाण्यासाठी निकाह-वलिम्याचे फोटो काढतो आणि आवड म्हणून पक्ष्यांचे. ती १५०-६०० मिलिमीटरची लेन्स त्याची स्वतःची नाही, दिवसाच्या भाड्याने आणतो. नुसत्या लेन्सचं वजन दोन किलोच्या आसपास. त्यात कॅमेरा, तिपाई आणि पाण्याची बाटली. बाटली आमच्याकडे असायची.

ठाण्यातल्या एका बागेत रखवालदाराने आम्हाला दारातच अडवलं. "कॅमेऱ्याला परवानगी लागते." आत पंचवीस-तीस जण मोबाईलवर रील बनवत होते, ते चालत होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "तो मोबाईल आहे, हा कॅमेरा आहे." त्याच्यावर रागवून उपयोग नव्हता. कोणीतरी त्याला सांगितलं असणार की मोठं यंत्र दिसलं म्हणजे शूटिंग, आणि शूटिंग म्हणजे पैसे. आजच्या मोबाईललाही लांबचं जवळ आणता येतं, पण तो खिशात मावतो, म्हणून निरुपद्रवी ठरतो.

खाडीवर मात्र या लेन्सचं कौतुक कोणालाच नाही. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ऐरोलीच्या बाजूला असे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची सवय झालेली आहे. कॅननच्या पांढऱ्या लेन्सही तिथे दिसतात. तो पांढरा रंग श्रीमंती दाखवायला नसतो. उन्हात लेन्स तापू नये म्हणून तो देतात. जाळं आवरत बसलेल्या एका कोळीदादांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. भाच्याने पक्षी कुठे असतील म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ओहोटी लागू दे. चिखल उघडा पडला की उतरतील. तोवर बसा." आम्ही बसलो. तासाभराने गुलाबी रेघ चिखलात उतरली. लेन्स कितीही मोठी असली तरी वेळापत्रक भरती-ओहोटीचंच चालतं, आणि ते त्या कोळीदादांना पाठ होतं.

परतीच्या वाटेवर एका स्थानकात भाच्याला बाजूला घेतलं. एवढी मोठी बॅग, विचारणारच. त्यात वावगं काही नाही. पण क्रम लक्षात राहिला. आधी कुठून आलात ते विचारलं, मग नाव. नाव ऐकल्यावर बॅग टेबलावर ठेवायला सांगितली, मग आतले सगळे कप्पे. भाचा शांत होता. कॅमेऱ्याचं बिल, लेन्सच्या भाड्याची पावती, स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो नेहमी सोबत ठेवतो. आम्ही विचारलं, "हे रोजचंच का?" तो म्हणाला, "रोज नाही, खाला. पण पाकीट रोज ठेवतो." शेवटी त्या साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्लेमिंगो पाहिले, दोन-तीन फोटो पुढे-मागे केले आणि विचारलं, "हे इथलेच? आपल्या खाडीतले?" मग तेही किमतीवर आले.

मुंब्र्यात प्रश्न वेगळा असतो. तिथे किंमत नंतर. आधी विचारतात, "कौनसे चॅनल से आये हो?" आम्ही स्टेशनजवळच्या गल्लीतून डोंगराचा फोटो घेत होतो. एका दुकानदाराने कॅमेऱ्यासमोर हात धरला, दांडगाईने नाही, पण ठामपणे. त्याचं म्हणणं असं की मोठा कॅमेरा इथे येतो तो काहीतरी पडलं, बुडालं किंवा कोणी मेलं की येतो. त्याचं चुकत नव्हतं. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याची इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तेव्हा कॅमेरेच कॅमेरे आले. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली, पुन्हा आले. मधल्या वर्षांत इथल्या मुली दहावी-बारावीला उत्तम गुणांनी पास झाल्या, पावसाळ्यात बायपासच्या डोंगरावरून धबधबे कोसळले. त्यासाठी एवढी लेन्स कोण घेऊन येतं?

भाचा इथलाच, पण कॅमेरा डोळ्याला लावला की तोही परका. त्याने दुकानदाराला सलाम केला, कौशातल्या आपल्या इमारतीचं नाव सांगितलं, काढलेला फोटो दाखवला. डोंगर आणि वर दोन घारी. दुकानदार म्हणाला, "अरे, ही घार रोज आमच्या टाकीवर बसते." मग चहा आला.

बायकांचं तर सांगायलाच नको. लेन्स वळली की कोणी नकाब सारखा करते, कोणी तोंड फिरवून भरभर निघून जाते. भाचा अशा वेळी कॅमेरा खाली करतो, तोंडाने काही बोलत नाही. छायाचित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. पासपोर्टला आणि हजच्या अर्जाला फोटो सगळेच देतात. आम्हाला आठवते ती सूरह नूरमधली शिकवण, की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन आणि सलाम करूनच जावं. सहाशे मिलिमीटरची लेन्स समोरच्या इमारतीच्या खिडकीत न विचारता जाते, पाय न हलवता. लोक दचकतात ते त्यामुळे. आम्हाला तो दचका योग्यच वाटतो.

रमजानमध्ये तीच गल्ली उलटी वागते. इफ्तारनंतर कौशात मालपुवावाला स्वतःच हाक मारतो, "इधर का भी लो!" आणि कढईतून झारा उंच धरून उभा राहतो.

डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गेलो होतो. तिथे नवे कपडे घालून तरुण मुलंमुली जमतात, ती पाहण्या-भेटण्यासाठीच. त्यामुळे कॅमेऱ्यापासून पळणारं कोणी नाही, उलट त्याच्यासमोर रांग. "दादा, आमचा एक काढा ना, नंबर देतो." एका गृहस्थांनी मात्र किंमत न विचारता विचारलं, "फुल फ्रेम की क्रॉप?" मग आयएसओवर दहा मिनिटं व्याख्यान झालं. डोंबिवली ती डोंबिवलीच!

लोकांना बिचकवू नये म्हणून काही छायाचित्रकारांनी कॅमेरा लपवला. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लहानशा लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवत. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची गोष्ट उलटी. स्पीड ग्राफिकसारखा बोजड कॅमेरा त्या साडीवर वागवत. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. बाईच्या हातातलं यंत्र कोणी मनावर घेत नसे, म्हणून त्या पुरुषांना न मिळणाऱ्या जागी पोचत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही हे सांगितलं, तर एकीने विचारलं, "टीचर, तो कॅमेरा किती किलोचा होता?"

कल्याणला आम्ही शेवटी गेलो, दुर्गाडीच्या पायथ्याला, खाडीच्या काठी. तिथून दूधनाक्याच्या जुन्या घरांकडे जाताना भाच्याने लेन्स बॅगेत टाकली आणि लहानशी ५० मिलिमीटरची लावली. ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध चाचांनी हे पाहिलं.

"मोठी का काढून ठेवलीस?"

"चाचा, ती लांबच्यासाठी असते."

"मग माझा काढ. मी जवळच आहे." त्यांनी टोपी नीट केली, आतून बायकोला हाक मारली. चाची उंबऱ्याच्या आतच थांबल्या, पदर डोक्यावर घेऊन म्हणाल्या, "मेरा नहीं, इनका लो." चाचा हसले, तेवढ्यात फोटो झाला. पुढच्या आठवड्यात भाचा त्याच्या दोन प्रती घेऊन गेला. एक चाचांनी ठेवून घेतली आणि दुसरी दम्मामला असलेल्या मुलाकडे पाठवायला पाकिटात घातली.