शेठ, गिऱ्हाईक कोण?

'वेबसाइट कशी बनवतात' यावर सोप्या भाषेत लिहा, असं संपादक म्हणाले. बनवणं सोपंच आहे. तयार साचे मिळतात, कॉलेजातलं पोरगंही चार दिवसांत उभी करून देतं. अवघड आहे ते त्याआधीचं, आणि त्याचे पैसे द्यायला नंदुरबारात सहसा कोणी राजी नसतं.

गेल्या हंगामात मिरचीचे एक व्यापारी आले. "भाऊ, पहिल्याच पानावर ड्रोनने काढलेला लालभडक पथारीचा फोटो. खाली 'आत्ता खरेदी करा'चं बटण."

"शेठ, गिऱ्हाईक कोण?"

"सगळेच!"

इथेच माझं डोकं फिरतं. मसाल्याच्या कारखान्याला ट्रकभर माल लागतो, उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करणाऱ्या बाईला चार किलो. दोघांना एकच पान दाखवून कसं चालेल? मग मी त्यांच्या गादीवर जाऊन बसलो आणि येणारे फोन ऐकले. जात कोणती, फापडा की व्हीएनआर? देठासकट की खुडलेली? ओल किती? गाडी कधी भरणार? एक खरेदीदार म्हणाला, ढिगाचा फोटो नको, मूठभर मिरची कानाशी खुळखुळवून व्हिडिओ पाठवा. वाळलेल्या मिरचीतलं बी वाजतं, ओलसर मिरची मुकी राहते. ड्रोनला हे ऐकू येत नाही. बाजार संशोधन म्हणतात ते एवढंच.

शेठनी मात्र एका मोठ्या शहरातल्या एजन्सीचा अहवाल पुढे केला: 'ऑनलाइन मागणी शून्य.' आधार गूगलवर लोक काय शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा. आता थोडं तांत्रिक, सोसून घ्या. ट्रेंड्समधले आकडे माणसांचे नसतात. निवडलेल्या काळात शोध सर्वांत जास्त होता तिथे 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. शोध फारच कमी असले तर शून्य दाखवतात. म्हणजे शून्याचा अर्थ 'मोजण्याइतकं नाही', 'कोणीच नाही' असा नव्हे. लहान जिल्ह्याच्या बाबतीत ही साधनं बहुधा मुकीच. उलट टोकाचेही लोक भेटतात: 2010 साली देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा आपला जिल्हा डिजिटलच! धडगावच्या डोंगरात रेंज शोधत फिरून या, मग बोलू.

शेठचा शेवटचा बाण व्हॉट्सअ‍ॅपवरचा होता. हेन्री फोर्ड म्हणे म्हणाला होता, लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगवान घोडा मागितला असता. या वाक्याने माझ्या धंद्याचं जितकं नुकसान केलंय तितकं मंदीनेही केलं नसेल. एक तर फोर्ड असं म्हणाल्याचा पुरावा आजवर कोणाला सापडलेला नाही. दुसरं, गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवल्याचा फटका त्यालाच बसला. त्याची 'मॉडेल टी' मोटार 1914 पासून दहा-अकरा वर्षं फक्त काळ्या रंगात निघाली. तोवर जनरल मोटर्सने रंग दिले, हप्ते दिले, दरसाल नवं रूप दिलं. 1927 मध्ये फोर्डला ती गाडी बंद करावी लागली आणि नवी येईपर्यंत कारखाना काही महिने थांबला. आणि घोड्याचंच बोलायचं तर सारंगखेड्याच्या यात्रेत जा. घेणाऱ्याला 'कसा घोडा हवा' विचारलं तर तो 'चांगला' एवढंच सांगेल. पण तो आधी दात बघतो, मग पाय, मग चालवून बघतो. विचारण्यापेक्षा बघणं मोलाचं, हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा बसून राहण्याचे पैसे मागतोय. मागतोच!

शेठनी वेबसाइट अखेर सुरतच्या भाच्याकडून करून घेतली, ड्रोनच्या फोटोसकट. फोन येतात म्हणे, आणि ते खूश आहेत. ते फोन वेबसाइटमुळे येतात, की पूर्वीसारखे दलालांमुळे, हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही. वेबसाइटवर वेगळा नंबर टाका, एवढं मी सुचवलं होतं. एका सिमकार्डाचा खर्च. ते म्हणाले, "दोन-दोन फोन कोण सांभाळणार, भाऊ?"