कडेपर्यंत लोणी

नोकरी सुटली तेव्हा मी 49 वर्षांचा होतो. फंडाचे पैसे आले, हिच्या पाटल्या बँकेत गेल्या आणि डोंबिवली स्टेशनजवळ मी एका सँडविच कंपनीची फ्रँचायझी घेतली. करारातलं एक कलम सही झाल्यावर नीट वाचलं: रॉयल्टी विक्रीवर, नफ्यावर नाही. म्हणजे मी बुडालो तरी कंपनीचा वाटा तरंगणार. अर्थात या धंद्याचा जगभर हाच रिवाज. गाऱ्हाणं कुणाकडे करायचं?

प्रशिक्षणात सबवेची गोष्ट ऐकवली होती. 1965 साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टमध्ये 17 वर्षांच्या फ्रेड डीलुकाला कॉलेजच्या फीसाठी पैसे हवे होते. घरोब्यातल्या पीटर बक या अणुशास्त्रज्ञांनी त्याला सँडविचचं दुकान काढ म्हणून सुचवलं आणि 1,000 डॉलर दिले. दुकानाच्या नावात 'पीट' आला तो त्यांच्यावरून. मनात आलं, आपल्याला कुठला बक भेटायला!

भेटला. रस्त्यापलीकडे, हातगाडीवर.

कंपनीच्या पुस्तकात काकडीसुद्धा ग्रॅममध्ये होती. तरी माझं पार्सल घरी पोचेपर्यंत पाव लिबलिबीत व्हायचा आणि माल अंदाजापेक्षा जास्त संपायचा. महिनाभर हे बघून एका दुपारी सँडविचवाले काका स्वतःची सुरी घेऊनच दुकानात आले.

"साहेब, लोणी नुसतं चवीला नसतं. चटणीची ओल पावात शिरू नये म्हणून असतं. कडेपर्यंत लावा."

टोमॅटोवर मीठ-मसाला अगदी शेवटी, पाव मिटायच्या आधी; नाहीतर पाणी सुटतं. बटाटा आदल्या रात्री उकडून गार करायचा. गरम बटाटा सुरीखाली कुस्करतो, मग काप जाड पडतात, आणि त्या जाडीतच माझा नफा चालला होता. हे सांगताना त्यांचा हात थांबत नव्हता. काकडीचा काप उचलून धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसली.

गाडी पुतण्यावर सोपवून काका आठ दुपारी आले. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "काका, उद्या तुमचंच गिऱ्हाईक इकडं वळलं तर?"

सुरी पुसत म्हणाले, "ज्याला उभ्यानं खाऊन गाडी पकडायचीय, तो तुमच्याकडं कशाला येतोय?"

पाकीट पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. हिच्या पाटल्या सोडवून आणल्या. कंपनीचा हिस्सा दर सोमवारी खात्यातून आपोआप वळता होतो. काकांच्या नावाचा रकाना मात्र माझ्या वहीत नाही. शनिवारी दुकान बंद केलं की मी पलीकडे जाऊन मसाला टोस्ट खातो. त्याचे पैसे ते घेतात, आणि सुट्टे मोजून परत देतात.