उलटे आटे

मोटार उघडायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. हे सत्य मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी उमगले, आणि उमगले तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अख्खी मोटार जमिनीवर पसरलेली होती. पेन्शनीत निघालेली माणसे बागकाम करतात, ज्ञानेश्वरी वाचतात, फार तर होमिओपॅथी शिकतात. मी मोटार उघडली.

मोटार माझी नव्हती, दादांची होती. माझे हे थोरले बंधू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. १९६४ साली एका कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी १९४८ ची एम. जी. टी. सी. जुन्या बाजारभावाने विकत घेतली. इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या, त्यांतली ही एक. लांब नाक, तारांची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच, मागे उघडा पेट्रोलचा टाका, आणि बसायला दोन जागा. आई म्हणाली होती, “दोघांचीच गाडी? मग सासूनं कुठं बसायचं?” पुढच्याच वर्षी दादांचे लग्न झाले. वहिनींना घेऊन ते या गाडीतून महाबळेश्वरला गेले. सासू घरीच राहिली.

१९७९ साली गाडी सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या पडवीत गेली ती तिथेच राहिली. २००९ साली दादा गेले. २०१५ साली वाडा पाडायचे ठरले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भंगारवाला सारखा विचारून जातो. देऊन टाकू ना? एकदा तिच्यात बसायचं मनात होतं, पण ते आता कसलं होतंय!”

“दोन वर्षांत बसवतो,” मी म्हणालो. बँकेत पस्तीस वर्षे लोकांच्या कर्जाच्या मुदती मीच ठरवीत होतो. मुदतीचे हे असे होते.

तर आता माझ्या चुका सांगतो. कुणाच्या घरी अशी गाडी निघालीच तर निदान त्याने नव्या चुका कराव्यात.

पहिली चूक उत्साहाची. तीन दिवसांत मी सबंध गाडी सुटी केली. नट-बोल्ट ठेवायला सौ.कडून बिस्किटांचे आणि फराळाचे डबे मागून आणले आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: “पुढचे”, “मागचे”, “महत्त्वाचे”, आणि चौथ्यावर, “हे कशाचे?” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर पहिले तीन डबे अर्धे रिकामे आणि चौथा काठोकाठ भरलेला. पाना लावण्यापूर्वी फोटो घ्यावा, एकेका भागाची वेगळी पिशवी करावी, आणि शक्य असेल तिथे काढलेला बोल्ट त्याच्याच भोकात दोन फेरे फिरवून ठेवावा, एवढे साधे शहाणपण मला कुणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे सौ.ने सांगितले होते. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा ती तारीख घालते. पण मोटारीच्या बाबतीत बायकोचे ऐकायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुसरी चूक आट्यांची. हे प्रकरण मोठे गमतीचे आहे. गाडी इंग्रजी, तेव्हा तिचे बोल्ट इंची असणार हे उघड. सांगाड्याचे बोल्ट इंचीच आहेत. इंजिनच्या बोल्टांच्या डोक्यालाही इंची पानाच बसतो. पण त्या डोक्याखालचे आटे मात्र मिलिमीटरचे! याचे कारण असे, की १९२३ साली मॉरिस कंपनीने कॉव्हेंट्रीचा जो इंजिनांचा कारखाना घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, आणि त्याची यंत्रे मिलिमीटरची होती. यंत्रे बदलणे महाग, म्हणून आटे फ्रेंच राहिले. आणि इंग्रज मेस्त्रीचे पाने फुकट जाऊ नयेत म्हणून डोकी इंग्रज ठेवली. माझ्यासारख्या भोळ्या माणसाला यातले काय ठाऊक? आठ मिलिमीटरच्या भोकात मी पाच-षोडशांश इंचाचा बोल्ट घातला. दोहोंच्या जाडीत केसाइतका फरक. दोन फेरे तो शहाण्यासारखा गेला, तिसऱ्याला अडला. मी जोर केला. ज्या क्षणी बोल्ट पुन्हा सैल फिरू लागला त्या क्षणी मला वाटले, जिंकलो. वास्तविक आतले आटे कापले गेले होते. बोल्ट बोटांनी जात नसेल तर तो तिथला नव्हे, हे वाक्य मी आता शेडच्या भिंतीवर खडूने लिहिले आहे. इतर नातेसंबंधांतही ते उपयोगी पडते.

तिसरी चूक लाकडाची. या गाडीचा पत्रा वरवरचा. आत ॲश नावाच्या इंग्रजी झाडाच्या लाकडाची चौकट असते. पुण्याच्या पस्तीस-चाळीस पावसाळ्यांनी आणि वाळवीने ती पोखरली होती. मी ती सबंध काढून आमच्या सुताराच्या हाती दिली आणि म्हणालो, “अशीच सागवानी करून द्या.” त्याने काटकोनात सुरेख कपाट करून आणले. पण त्या चौकटीत काटकोन जवळजवळ नसतोच. दारे मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडणारी. एक बंद केले की दुसरे उघडायचे. सुतार म्हणाला, “साहेब, मूळ नमुना कुठाय?” मूळ नमुन्याने त्या आठवड्यात आमच्या बंबाचे पाणी तापवले होते. सांगाड्याला आधी आडवे-तिडवे टेकू द्यावेत, दारे जागेवर ठेवावीत, आणि एका वेळी एकच तुकडा काढून त्याच्या जागी नवा बसवावा, ही खरी रीत. ती शिकण्यात दोन वर्षे गेली.

चौथी चूक घाईची. सगळे एकदा जोडून, जुळवून, पुन्हा सुटे करून मग रंग द्यायचा असतो. मी आधी रंग दिला. मग मडगार्डाला दोन भोके वाढवावी लागली आणि नव्या लाल रंगावर ड्रिल घसरले. त्यातच ब्रेकचे तेल सांडले. ते तेल रंग खाते. शिवाय ते हवेतली ओल शोषून घेते, म्हणून उघड्या बाटलीतले उरलेले तेल नंतर वापरू नये, आणि ब्रेकच्या रबरांना साधे इंजिनचे तेल चुकूनही लावू नये, ती फुगतात. इंजिनचेही असेच. जोडून झाले की किल्ली फिरवायला हात शिवशिवतो. पण या इंजिनचा तेलाचा पंप कोरडा असला तर तेल ओढीतच नाही. तो आधी तेलाने भरून घ्यावा, प्लग काढून इंजिन नुसते फिरवावे, आणि दाबाचा काटा हलला म्हणजे मग पेट्रोलचे नाव काढावे. ही एक चूक मी केली नाही. तोवर माझ्या अंगी थोडी नम्रता आली होती.

कागदपत्रांचे रामायण सांगत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम २०२१ साली आले. पहिला बोल्ट काढण्यापूर्वी कागद शोधावेत, एवढेच सांगतो.

पाचवी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि ती आमच्या घरी आज प्रथमच कळते आहे. तारांची चाके एकेका मोठ्या, दोन कानांच्या नटावर असतात. कानावर तांब्याचा हातोडा मारून तो घट्ट करायचा. डाव्या चाकांचे आटे नेहमीसारखे सुलटे, उजव्या चाकांचे उलटे. गाडी पुढे धावली की नट सैल न होता आवळत राहावा म्हणून ही योजना. नटावर सोडण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते. आमच्या मुलामा देणाऱ्याने नट असे घासून चकचकीत केले की बाणच नाहीसा झाला. आणि मी पुढचे दोन्ही हब अदलाबदल करून बसवले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. नट आपापल्या हबावर छान बसले. बसणारच.

२०२४ साली वहिनींचे सहस्रचंद्रदर्शन होते. आदल्या रविवारी सकाळी अकरा वर्षांच्या नातवाला शेजारी बसवून मी गाडी बाहेर काढली. कॉलनीला तीन चकरा झाल्या. पंचेचाळीस वर्षांनी ते इंजिन बोलत होते. मी तर आकाशात होतो. चौथ्या चकरीला नातू म्हणाला, “आजोबा, हे चाक बघा, नाचतंय.”

मी थांबलो. डावीकडचा नट दोन आट्यांवर लोंबत होता. हाताने फिरवला, हातात आला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. पुढच्या रविवारी या जागेवर वहिनी बसणार होत्या. आज नातू बसला होता. नातवाला मी आइस्क्रीम दिले आणि कुणाला सांगू नकोस म्हणालो. त्याने आजपर्यंत शब्द पाळला. मीच मोडतो आहे. चाक सोडण्याची दिशा ही चाकाच्या पुढे फिरण्याचीच दिशा असली पाहिजे, मग ते कोणत्याही बाजूचे असो. एवढे एक वाक्य आधी ठाऊक असते, तर त्या रात्री मी नीट झोपलो असतो.

हब बदलले. दुसऱ्या जाणकार मेस्त्रीकडून सगळे तपासून घेतले. आणि त्या रविवारी वहिनी शेडसमोर आल्या. हिरवी पैठणी, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा. मी दार उघडले. त्या बसल्या. नवे कातडे, नवे क्रोम, नवा लाल रंग. त्यांनी सगळीकडे पाहिले.

“छान झाली हो, भाऊजी,” त्या म्हणाल्या. पाहुण्यांकडचा उपमा चांगला झाला म्हणून सांगतात, तशा सुरात.

जरा वेळाने त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. इंग्लंडहून मागवलेली नवी चकचकीत मूठ होती. त्यांनी हात काढून घेतला.

“ती जुनी मूठ कुठं गेली? चीर पडलेली? पसरणीच्या घाटात मला भीती वाटायची. ह्यांचा हात मुठीवर, आणि मी ह्यांच्या हातावर हात ठेवायची. हे म्हणायचे, सोड, गिअर बदलायचाय.”

मी सहावी चूक केली होती, आणि ती सगळ्यांत मोठी. नऊ वर्षे मी झिजलेले ते ते काढून टाकीत होतो. दादांच्या हाताने झिजलेले स्टेअरिंग, त्यांच्या पाठीने खोलगट झालेली पाठ, सगळे मी भंगारात दिले होते. गाडी नवी झाली होती. दादांची राहिली नव्हती.

मी शेडमध्ये धावलो. “हे कशाचे?” हा डबा फळीवर होता. जमिनीवर पालथा केला. नट, वॉशर, स्प्रिंगा, आणि तळाशी ती काळी मूठ, चिरेसकट. दांड्यावर ठेवली आणि बोटांनी फिरवली. अडली नाही.

वहिनींनी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “चला आता.”

आम्ही कॉलनीला एकच चक्कर मारली. दुसरा गिअर टाकताना मी म्हणालो, “वहिनी, हात जरा...” त्या हसल्या, पण त्यांनी हात लगेच काढला नाही. पहिल्याच गिअरमध्ये आम्ही घरी आलो.

डबा मी घासून सौ.ला परत दिला. यंदा त्यात चकल्या आहेत. त्यांना अजून रॉकेलचा वास येतो असे तिचे म्हणणे आहे.