कबरीवरचा सब्जा

आचोळ्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घराला गॅलरी नाही. खिडकीला बाहेर काढलेली लोखंडी जाळी आहे. त्या जाळीत वाळत घातलेले कपडे, एक जुनी बादली आणि तीन कुंड्या. २०२२च्या पावसाळ्यात त्या कुंड्या नव्या होत्या, तेव्हा शेजारच्या मालवणी काकूंनी त्यांच्या खिडकीतून विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं तुळस कशी?"

मी म्हटलं, "तुळस नाही काकू, सब्जा आहे."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तो... कबरीवरचा?"

"हो, तोच."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मला त्याचा राग आला नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात त्यांच्या कितीतरी आधी येऊन गेला होता.

माझं लहानपण उदगीरचं. ईदच्या नमाजनंतर अब्बा आम्हा भावंडांना कब्रस्तानात न्यायचे. कच्च्या कबरींवर गुडघ्याएवढा सब्जा माजलेला असायचा. फातेहा पढायला उभं राहिलं, की नव्या पायजम्याला त्याचे तुरे घासायचे आणि तो वास घरापर्यंत सोबत यायचा. लवंगेसारखा तिखट, मागून गोडसर. आम्ही दारात पाऊल टाकलं की अम्मीला न सांगता कळायचं, कुठून आलो ते. महाराष्ट्रात बहुतेक गावी कब्रस्तान म्हटलं की सब्जा आलाच. मराठीत बोलणारे हिंदू शेजारीही त्याला 'मुसलमानांच्या कबरीवरचं झाड' म्हणूनच ओळखतात.

चौथीत असताना मी त्याचं एक रोप उपटून घरी आणलं. डालड्याच्या डब्यात लावलं. अम्मीनं बघितलं आणि म्हणाली, "घर में नक्को लगाव रे. वो कब्रस्तान का झाड है." रागावली नाही. पण संध्याकाळच्या आत ते रोप मला परत नेऊन लावावं लागलं.

गंमत अशी, की तीच अम्मी रमजानमध्ये रोज असरनंतर वाटीभर पाण्यात तुकमलंगा भिजत घालायची. काळे बारीक दाणे दहा-पंधरा मिनिटांत फुगून बेडकाच्या अंड्यांसारखे दिसायला लागायचे. मग ते सरबतात. इफ्तारला तो गार ग्लास घशाखाली उतरला की दिवसभराची आग विझायची. हा तुकमलंगा म्हणजे त्याच सब्जाचं बी, हे मला कॉलेजात असताना कळलं. सुट्टीत घरी आलो आणि मोठ्या हुशारीनं अम्मीला सांगितलं. तिनं हातातल्या ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि उरलेलं सरबत पिऊन टाकलं. म्हणाली, "बीज की बात अलग, झाड की बात अलग."

पुढं वाचत गेलो तसं कळलं, की हे झाड आपल्याला वाटतं त्याहून मोठ्या घरचं आहे. तुळस आणि सब्जा एकाच कुळातले, सख्खे चुलत म्हणावेत असे. दोघांची देठं चौकोनी, पानं समोरासमोर, तुरे सारख्याच घडणीचे. सब्जाची पानं तेवढी जास्त गुळगुळीत आणि फुलं पांढुरकी. अरबीत ज्याला रैहान म्हणतात, त्यात हाच सब्जा प्रामुख्यानं येतो. कुरआनात रैहानचा उल्लेख दोनदा आहे. सूरह रहमानमध्ये तो जमिनीतून उगवणाऱ्या नेमतींत येतो आणि सूरह वाकिआमध्ये मरणानंतर अल्लाहच्या जवळच्या माणसांना मिळणाऱ्या सुखात. म्हणजे एकदा जगणाऱ्यांसाठी, एकदा गेलेल्यांसाठी. कुणी रैहान दिला तर नाकारू नये, तो उचलायला हलका आणि वासाला चांगला असतो, अशा अर्थाची हदीसही आहे. आपल्या मोहल्ल्यात एखादी तरी रेहाना असतेच. तिच्या नावात हेच झाड आहे, हे आपल्या ध्यानात नसतं.

कबरीवर हिरवं लावण्यामागं आणखी एक प्रसंग सांगतात. प्रेषित दोन कबरींजवळून जात होते. आतल्या दोघांना यातना होत आहेत, हे त्यांना जाणवलं. त्यांनी खजुराची ओली फांदी मधोमध चिरली आणि एकेक तुकडा दोन्ही कबरींवर खोवला, की ह्या सुकेपर्यंत कदाचित त्यांचा त्रास हलका होईल. काही आलिम म्हणतात, ती गोष्ट फक्त प्रेषितांपुरती होती, आपण त्याची प्रथा करू नये. काही म्हणतात, हिरवं पान अल्लाहची तस्बीह करतं, लावलं तर बिघडलं कुठं? माझ्याकडं या वादाचा निकाल नाही. एवढं मात्र खरं, की माणूस पुरून रिकाम्या हातानं घरी परतणं फार अवघड असतं. काहीतरी लावून यावंसं वाटतं.

ते मला २०१९च्या जानेवारीत कळलं. अब्बांच्या पश्चात अम्मी आमच्याकडं आचोळ्याला राहायला आली होती. इथंच गेली. उदगीरला न्यायला वेळ नव्हता, ऐपतही नव्हती. इथल्याच कब्रस्तानात दफन केलं. चाळिसाव्याच्या आधी मी तिच्या कबरीवर सब्जाचं बी टाकलं. झाड तिच्या घरात नक्को होतं. आता हेच तिचं घर होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिल २०२०ची शब-ए-बरात आम्ही घरातच काढली. कब्रस्तानचं फाटक बंद. मे महिन्याच्या उन्हात तिथं पाणी घालायला कोण जाणार? मी मनातल्या मनात ते झाड वाळताना रोज बघत होतो. जुलैच्या शेवटी जायला मिळालं. झाड खरंच वाळून काडी झालं होतं. पण कबरीभर बोट-बोट उंचीची पन्नासएक रोपं उभी होती.

तुकमलंगा पाण्यात फुगतो, तो काही आपल्या फालुद्यासाठी नव्हे. पहिला पाऊस पडला की बियाभोवती चिकट गर धरतो. त्या गरानं बी मातीला चिकटून बसतं, वाहून जात नाही आणि मध्ये चार दिवस उघडीप आली तरी ओल धरून राहतं. अम्मीच्या वाटीत मी वर्षानुवर्षं जे बघितलं, तेच तिच्या कबरीवर घडलं होतं.

२०२२मध्ये कब्रस्तानच्या भिंतीवर सूचना लागली. अमुक रांगांतल्या जुन्या कबरी नव्या दफनासाठी घेण्यात येतील. मुंबईच्या आसपास हे सगळीकडं चालतं. माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली. जुनी मय्यत मातीत मिळून गेली असेल तर त्या जागी दुसरी दफन करायला शरीअतची हरकत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती रांग वाचली तेव्हा पाय जड झाले.

तिथल्या राखणदार चाचांना विचारलं, "यातली दोन-चार रोपं नेली तर चालतील?" ते म्हणाले, "ले जाओ बेटा, नहीं तो फावडे में जाएंगे." मी मुळाभोवतीच्या मातीसकट पाच रोपं पिशवीत घातली. फुफी फोनवर रागावली. कब्रस्तानातली वस्तू घरात आणू नये, म्हणाली. अम्मीही हेच म्हणाली असती.

सब्जा घरात वाढवणं सोपं आहे असं लोक सांगतात. आचोळ्यात नाही. पहिल्या पावसातच दोन रोपांचे बुंधे काळे पडले आणि ती आडवी झाली. सब्जाला पाणी आवडतं, पण पाय ओले राहिलेले आवडत नाहीत. मग मातीत तिसरा हिस्सा रेती मिसळली, कुंड्यांची भोकं मोठी केली, वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही असं ठरवलं. पावसाळा संपल्यावर पानांच्या कडा करपू लागल्या आणि मातीवर पांढरी साय धरली. ते टँकरच्या खारट पाण्याचं मीठ. तेव्हापासून सूर्या धरणाचं पाणी नळाला आलं की एक बादली झाडांसाठी बाजूला काढतो. बायको म्हणते, आम्हाला प्यायला कमी पडलं तरी चालेल!

आणि तुरे खुडायचे. पुस्तकात सब्जा वर्षायू आहे. तुरा धरला, बी झालं, की झाड आपलं काम संपलं असं समजून वाळतं. पण आपल्या उबदार हवेत तुरा दिसताच पानांच्या जोडीच्या वर खुडत राहिलं, तर खालून दोन नवे फुटवे येतात आणि झाड दोन-तीन वर्षंही टिकतं. मी रोज फजरनंतर जाळीत वाकून तुरे खुडायचो. एकही फूल उमलू द्यायचो नाही. कबर गेली होती, तिची खूणही उरली नव्हती. हे झाड मात्र मी जाऊ देणार नव्हतो.

आमच्याच नालासोपाऱ्यात, रेल्वे रुळांच्या पलीकडं पश्चिमेला, १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी एक स्तूप उकरला होता. आत एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे काही तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे समजून जपलेले, आणि सोबत सोन्याची बारीक फुलं. गेलेल्या माणसाजवळ फूल ठेवायची रीत या मातीत इतकी जुनी आहे. ठेवणाऱ्यांनी सोन्याची फुलं ठेवली, ती सुकू नयेत म्हणूनच ना? माझंही तेच चाललं होतं.

२०२४च्या उन्हाळ्यात लग्नासाठी तीन आठवडे उदगीरला जावं लागलं. किल्ली शेजारच्या काकूंकडं दिली. झाडांना पाणी घालाल का, हे विचारताना मीच अडखळलो. त्या म्हणाल्या, "घालीन की. झाडच आहे ते."

परत आलो तर तिन्ही कुंड्या फुलांनी भरलेल्या. पांढरे तुरे, त्यावर बारीक मधमाश्या. चौथ्या मजल्यावर त्या कुठून आल्या, अल्लाह जाणे. काकूंनी पाणी नेमानं घातलं होतं, पण खुडायचं मी सांगितलंच नव्हतं. मी चिडलो, अर्थात मनात. कात्री घेऊन जाळीत गेलो, आणि तसाच उभा राहिलो. खालचे तुरे वाळायला लागले होते. एक बोटांत चुरडला तर तळहातावर काळे दाणे पडले. दोन वर्षं जपलेल्या या झाडांनी एवढ्यात एकही दाणा दिला नव्हता. मी देऊ दिला नव्हता.

जुनी झाडं त्या पावसाळ्यात गेली. बुंधे लाकडासारखे झाले होते, जायचीच होती. त्याच कुंड्यांत बी पसरलं. वर मातीचा अगदी पातळ थर, कारण खोल गेलं तर सब्जा उगवत नाही. आठवड्यात जोडपानं वर आली. आता मी काही तुरे खुडतो आणि काही सोडतो.

यंदा एप्रिलमध्ये काकू दारात आल्या. "भाऊ, उष्णतेनं तोंड आलंय. ते तुमचं बी थोडं द्याल?" मी कागदाची पुडी बांधून दिली. त्यांनी ती उघडून बघितली. "एवढं कशाला? प्यायचं किती आणि पेरायचं किती?"

अम्मीचं वाक्य जिभेवर आलं होतं, पण ते काकूंना काय कळणार! म्हटलं, "आधी पेरा. उरेल ते प्या."