आईचं माहेर

पाण्याशी माझं नातं काठावरचं. वडगाव रासाई भीमेच्या काठी. तरी या गृहस्थाला पोहता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. वर्गात मात्र मी नद्या मोठ्या आत्मविश्वासानं शिकवतो. भीमा भीमाशंकराला उगम पावते, हे सांगताना फळ्यावरच्या निळ्या खडूच्या रेघेत मी कितीदा तरी बेधडक उतरलो आहे!

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं कयाकमध्ये बसवलं. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यावर असतो. "सर, उजनीच्या फुगवट्यावर जाऊ. आजींनाही घ्या," म्हणाला.

आई नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती. तिचं माहेर जुनं पळसदेव. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि मामांनी दुसरीकडे घर केलं. सोलापूरला जाताना एस. टी.तून ते पाणी दिसू लागलं, की आई डोळे मिटून घेई. तिला झोप लागली असावी, असं मी इतकी वर्षं समजत आलो.

या वेळी ती म्हणाली, "येते."

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची होडी. लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती करीत आणि शिकारीला निघत. आमची प्लॅस्टिकची होती, आणि आमच्यापासून कुठल्याच प्राण्याला धोका नव्हता. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडे मारायचं, एकदा उजवीकडे. ऐकायला सोपं! पहिली दहा मिनिटं मी जागच्या जागी गोल फिरत होतो. काठावर आई केशरी जाकीट घालून, त्यावर पदर सारखा करून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती.

मग ती पुढं बसली, मी मागं. विद्यार्थी आपल्या होडीतून शेजारी. पाणी तिथं जमिनीत आत शिरलेलं. वारा नाही, लाट नाही. उजनीत सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, हा आकडा मी मुलांकडून पाठ करून घेतलेला आहे. कयाकमध्ये माणूस इतका खाली बसतो, की हात सोडला तर बोटं भिजतात. बोटांना ते नुसतं गार पाणी लागतं. रोहित पक्षी अजून यायचे होते. पाणी उतरलं की ते येतात. एक पाणकावळा तेवढा पंख वाळवीत बसला होता.

"थांब जरा," आई म्हणाली.

मी वल्हं आडवं धरलं. पळसनाथाचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. त्या दिवशी सगळीकडे पाणीच पाणी होतं. तिनं मात्र न चाचरता बोट दाखवलं. "देऊळ तिकडं. त्याच्या अलीकडं आमची आळी. कमरेवर घागरी घेऊन आम्ही नदी घरी आणायचो रे. शेवटी तीच राहायला आली."

आवाजात राग नव्हता. या पाण्यावर सोलापूरकडची शेतं भिजतात, हे वाक्य माझ्या मास्तरी जिभेवर आलं होतं. खरंही होतं ते. पण मी गप्प बसलो. आईनं ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "चल आता. जेवायची वेळ झाली."

दर भाऊबीजेला संध्याकाळी आई वडगावच्या घाटावरून एक पणती भीमेत सोडते. जुनी रीत असेल, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. आता मला ठाऊक आहे, भीमा इथून कुठं जाते. पणती वळणापर्यंत पोचायच्या आत विझते. यंदा मी द्रोण थोडा खोल करून देणार आहे.