पाळीवरची धाव, बांबूची कामटी आणि रोजचे एक पान



गेल्या महिन्यात तिरोड्याला कार्यकर्त्यांची बैठक होती. बैठक संपल्यावर चहा घेताना एका तरुण मित्राने आम्हाला सर्वांसमोर विचारले, "भाऊ, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, भरती निघत नाही, आरक्षणावर रोज नवा घाला पडतो, आणि तुम्ही सकाळी धावता, संध्याकाळी टोपल्या विणता. हे चळवळीचे काम आहे काय?" लोक हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि टोपलीचा भाग तर आत कुठेतरी लागला. जातीने लादलेल्या धंद्यांतून बाहेर पडण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी जिवाचे रान केले. तशाच एका धंद्याला एम.ए. झालेला माणूस हौसेने हात लावतो, तर त्याचा जाब विचारण्याचा हक्क त्या मित्राला आहे. त्या दिवशी दिलेले उत्तर अर्धवट होते. राहिलेले इथे देतो.

आधी आम्ही करतो काय ते सांगू. बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातले गाव. एका बाजूला इंग्रज अमदानीत बांधलेला मोठा तलाव, दुसरीकडे नागझिऱ्याचे जंगल. उजाडले की तलावाच्या पाळीने धावायचे, अर्धा तास. दिवसभर कामाची फिरती: जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वनहक्काचे दावे. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर बांबूचे काम. आणि झोपण्याआधी वहीचे एक पान लिहायचे. त्यातले चार लोकांपुढे ठेवण्यासारखे असेल ते पुढे टाईप करून प्रसिद्ध करायचे. एवढेच. यात थोर काही नाही.

पण हे सुरू झाले ते आम्ही कोसळलो म्हणून. २९ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या पिढीतले कितीतरी कार्यकर्ते त्या दिवसाचे. मोर्चातून आलो आणि मोर्चातच वाढलो. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, मधे एखादा अत्याचार, त्याचे निवेदन, त्याचे धरणे. आमचे कॅलेंडर तारखांचे होते, दिवसांचे नव्हते. मग एक प्रकरण आले. कुठले ते सांगत नाही, कारण ते कुटुंब अजून त्याच गावात राहते. चार वर्षे आम्ही त्या प्रकरणामागे फिरलो. साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. निकालाच्या दिवशी त्या घरची म्हातारी आम्हालाच धीर देत होती.

त्यानंतर काही महिने आम्ही फोन बंद ठेवला. विहारात जाणे सोडले. डॉक्टरांनी रक्तदाब लिहून दिला, पस्तिशीच्या आत. आपल्या चळवळीत असे थकलेले लोक तुम्ही पाहिले असतील. कुणी बाटलीला लागतो, कुणी पक्ष बदलतो, कुणी नुसता गप्प होतो. आपण त्यांना गद्दार म्हणून मोकळे होतो. थकवा या विषयावर आपल्याकडे अजून एकही बैठक झालेली नाही.

धावणे कसे सुरू झाले तर पोलीस भरतीच्या पोरापोरींमुळे. आपल्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर ही पोरे दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. बहुतेक आपल्याच वस्त्यांतली आणि कुणबी, पोवार, ढिवर, गोंड घरांतली. एकदा आम्ही पाळीवर नुसते उभे होतो, तेव्हा एक मुलगी ओरडली, "काका, उभेच आहा तर आमचा टाइम तरी लावा!" दुसऱ्या दिवसापासून फोनवर वेळ लावायला जाऊ लागलो. आठवड्याने वाटले, आपणही धावून पाहावे. पहिल्या दिवशी वडाच्या झाडापर्यंत पोहोचलो नाही. पोरे हसली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आम्हाला कार्यकर्ता म्हणून न पाहता हसले होते, आणि ते बरे वाटले.

धावण्याचे गोडवे गाणारे शहरात पुष्कळ आहेत, महागड्या बुटांसह. इथे गोष्ट वेगळी आहे. मोहफुले पडायला लागली की अस्वले येतात, मग सूर्य वर आल्याशिवाय पाळीवर जायचे नाही. रोवणीच्या दिवसांत सगळे गाव बांधीत असते, तेव्हा रिकामे धावताना लाज वाटते. त्या आठवड्यात आम्ही धावत नाही, चिखलात वाकतो. तोही व्यायामच, आणि धावण्यापेक्षा कठीण.

आता टोपलीकडे येऊ.

आमच्या ओळखीची बुरूड समाजाची एक आजी आहे. तिच्याकडे एका दाखल्याच्या कामाने गेलो होतो. ती बोलत होती आणि हात चालूच होते. बांबू चिरणे, कामट्या काढणे, त्या तासून पातळ करणे, बूड धरणे. आम्ही म्हटले, "आजी, मला शिकवता काय?" ती आधी हसली. मग चिडली. "शिकून-सवरून हे कायले करतोस बाबू? माह्या पोरानं हे करू नये म्हणून त मी हाताले चिरा पाडून घेतल्या."

मित्रहो, त्या बैठकीतला प्रश्न आजीने आधीच विचारला होता, आणि जास्त अधिकाराने.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्ये जो मुद्दा मांडला तो आपल्याला तोंडपाठ आहे: जात ही श्रमांची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या आवडीने वा कुवतीने होत नाही, जन्माने होते. पण आपण हा मुद्दा अर्धाच वाचतो. त्यातून आपण हाताचे काम हलके, असा निष्कर्ष काढतो. म्हणजे ज्यांनी काम हलके ठरवले त्यांचाच निकाल मान्य करतो! दोष बांबूत नाही, सुरीत नाही. दोष जन्म पाहून सुरी हातात देणाऱ्या आणि टोपलीचे मोल पायलीभर धानात ठरवणाऱ्या व्यवस्थेत आहे. आमची आजी सांगायची की तिच्या सासऱ्याकडे माग होता. मध्य प्रांतातले पुष्कळ महार जाडेभरडे कापड विणत, हे त्या काळच्या सरकारी नोंदींतही आहे. गिरण्यांचे कापड खेड्यापाड्यांत आले, हातमाग बसले, आणि माणसे नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत गेली. ते जाणे योग्यच होते, कारण तिथे निदान पगार रोख मिळे. पण मागाबरोबर विणण्याचा आनंदही गेला. तो कधी मिळाला होता की नाही, हे आता कुणाला विचारणार?

दुसऱ्या टोकाला ग्रामीण हस्तकलेचे भाबडे प्रेम आहे. प्रदर्शनात पाचशे रुपयांना टोपली घेऊन ‘किती अस्सल!’ म्हणणारे. कारागिराने कारागीरच राहावे, त्याच्या मुलानेही राहावे, अशी त्यांची गोड इच्छा असते. त्या इच्छेला आमचा विरोध आहे. म्हणून आम्ही स्वतःसाठी काही अटी घातल्या. आजीला शिकवण्याची फी द्यायची, ठरलेल्या तारखेला, रोख. गुरुदक्षिणा हा शब्द एकलव्याच्या अंगठ्यापासून आम्हाला चालत नाही. आपण विणलेले विकायचे नाही, कारण तो बाजार आजीचा आहे. आणि तिच्या नातीचा नर्सिंगचा अर्ज आम्हीच भरायचा. या अटींवर आजी राजी झाली. तरी पहिले दोन महिने तिने फक्त कामट्याच तासायला लावल्या. आमची पहिली टोपली तिने पालथी घालून पाहिली, बूड दाबले आणि उसवून टाकली.

त्या तासाभरात काय होते, ते समाजशास्त्राच्या पुस्तकांतून आम्हाला सांगता येणार नाही. निकाल आपल्या हातात नसतो, तहसीलदाराची सही नसते, साक्षीदाराचे मन नसते. कामटी मात्र हातात असते. चुकली तर आपली चूक, जमली तर आपली. चार वर्षे ज्या माणसाच्या हाताला काहीच पुरे होताना दिसले नव्हते, त्याला एक वाकडी टोपली पुरी झालेली दिसणे ही लहान गोष्ट नाही.

लिहिण्याबद्दल मात्र आपल्याला शिकवायला घरचाच माणूस आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’. मग २० मार्च १९२७ ला महाडचे पाणी आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’. वकिली, शिकवणे, विधिमंडळ, सत्याग्रहाची तयारी हे सगळे चालू असताना त्या पाक्षिकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत. मदतनीस नाहीत, पैसे नाहीत, वर्गणीदार अपुरे. १९२९ मध्ये ते बंद पडले, तर पुढच्याच वर्षी ‘जनता’ निघाले. आणि आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. त्या भंडाऱ्याची १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेब लढले आणि हरले. इथले जुने लोक अजून ते सांगताना मान खाली घालतात. पण त्या पराभवानंतर, शरीर साथ देत नसताना, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ चे लिखाण थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले होते. आणि याच माणसाने उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. चळवळीचे काम कोणते आणि कोणते नाही, हे ठरवताना ते व्हायोलिनही लक्षात घ्यावे, एवढेच त्या मित्राला सांगणे.

आमच्या पानाला त्या लिखाणाशेजारी ठेवण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आमचे पान साधे: आज कोण आले, कोणता अर्ज कोणत्या शेऱ्याने परत आला, तलावावर कोणते पक्षी उतरले, आजी काय म्हणाली. दीड वर्षानंतर एका सुनावणीत आम्हाला विचारले गेले की अमुक अर्ज किती वेळा परत पाठवला याचा पुरावा काय. वहीत सात तारखा होत्या, शेऱ्यांसह. दाखला निघाला. त्या दिवसापासून पान चुकवायचे जिवावर येते.

तरी चुकते. आणि याबद्दल तरुणांच्या डोक्यात एक खूळ बसले आहे की २१ दिवस केले की सवय लागते आणि एक दिवस मोडला की सगळे गेले. तो २१ चा आकडा एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. लंडनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. आम्ही सर्वात जास्त सलग ४१ दिवस टिकलो आहोत. बेचाळिसाव्या दिवशी एक मयत होती.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिली पाहिजे. वर्षभर आम्ही शिस्तीच्या गप्पा मारत होतो, तेव्हा एका संध्याकाळी आमची पत्नी म्हणाली, "तुम्ही धावता तेव्हा पाणी मी भरते. तुम्ही विणता तेव्हा स्वयंपाक मी करते. तुम्ही लिहिता तेव्हा पोरगी मी झोपवते. तुमची सवय म्हणजे माझ्या तीन पाळ्या." ती शाळेत नोकरी करते. आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांच्या श्रमांवर दुसऱ्यांचा फुरसतीचा वेळ उभा राहिला त्या समाजाचे आम्ही, आणि घरात तेच करत होतो. आता पाणी आम्ही भरतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वयंपाक आमच्याकडे असतो, आणि त्या दिवशी बांबूला सुट्टी. ती त्या वेळात काय करते ते विचारायचे नाही, असे ठरले आहे. टोपल्या त्यामुळे कमी झाल्या.

आणि एकट्याने तर काहीच टिकत नाही. आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो. रोज रात्री ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ चे वाचन, एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. पाऊस असो, वीज जावो, बायाबापड्या येऊन बसतात. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यांना अर्धा ग्रंथ पाठ आहे. तीन महिने रोज एक काम करण्याची ही सवय आपल्या वस्त्यांनी कुणा तज्ज्ञाला न विचारता लावून घेतली आहे. आम्ही विहारात परतलो ते त्या वाचनासाठी. पहिल्या रात्री कुणी काही विचारले नाही, फक्त पुस्तक आमच्याकडे सरकवले.

पाळीवर ओरडणारी मुलगी मागच्या भरतीत थोडक्यात राहिली. ती अजून धावते. आजीच्या नातीचा अर्ज पहिल्या यादीत आला नाही, दुसऱ्या यादीची वाट पाहतो आहोत. आम्ही सध्या सूप शिकतो आहोत, त्याचा काठ काही केल्या सरळ बसत नाही.

त्या बैठकीतल्या मित्राचा परवा फोन आला. रविवारी बोदलकशाला येतो म्हणाला, पाळ किती लांब आहे ते विचारत होता. त्याला सांगितले, उजाडल्यावरच ये, सध्या मोह पडतो आहे.